विश्लेषण : चादरीची नक्षी, टॉवेलचा रंग आणि उजनीचे पाणी... पर्यावरणाची जबाबदारी डिझायनरवर किती?

कापड रंगवल्यानंतर सांडपाण्याचे काय करायचे, यावर बरीच चर्चा होते. पण ते सांडपाणी किती आणि कसले असेल, हे खरे तर कागदावर नक्षी आणि रंग ठरतात तेव्हाच बऱ्याच अंशी ठरलेले असते. पाण्यासाठी उजनीकडे डोळे लावून बसणाऱ्या सोलापूरला ही बाब दुर्लक्षून चालणार नाही.

विषय आताच का?

युरोपीय संघाचा 'शाश्वत उत्पादनांसाठी पर्यावरणपूरक रचना' हा नियम १८ जुलै २०२४ पासून अमलात आला. वस्तू किती टिकते, दुरुस्त होते का, तिच्यातील कच्चा माल पुन्हा वापरता येतो का, या प्रश्नांची उत्तरे वस्तूच्या रचनेतच असली पाहिजेत, हा त्याचा गाभा आहे. एप्रिल २०२५ मध्ये जाहीर झालेल्या कार्ययोजनेत ज्या क्षेत्रांना अग्रक्रम मिळाला त्यात कापड, विशेषतः तयार कपडे आहेत. पुढे अशा मालाला 'डिजिटल पासपोर्ट' जोडावा लागेल. मोबाइलवर कोड स्कॅन केला की माल कशापासून आणि कसा बनला, हे ग्राहकाला दिसेल.

सोलापूर हे टेरी टॉवेल निर्यात करणारे शहर आहे. शाळा, रुग्णालये आणि कंपन्यांसाठी गणवेश शिवणारे केंद्र म्हणूनही गेल्या काही वर्षांत त्याने नाव कमावले आहे. त्यामुळे हा नियम ब्रुसेल्समध्ये झाला असला, तरी त्याची झळ किंवा त्याचा लाभ अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीपर्यंत पोहोचणार आहे. तयार कपड्यांनंतर घरगुती कापडाची पाळी येईल, हे गृहीत धरून तयारी करण्यात शहाणपण आहे.

सोलापुरात डिझायनर म्हणजे नेमके कोण?

डिझायनर म्हटले की फॅशन शो डोळ्यांसमोर येतो. सोलापूरच्या कापड धंद्यात मात्र हे काम अनेकांच्या हातात विखुरलेले आहे. ग्राफ पेपरवर किंवा आता संगणकावर नक्षी काढणारा, त्या नक्षीवरून जकार्डची कार्डे तयार करणारा, ताण्यात आणि बाण्यात कोणते सूत किती जाडीचे घ्यायचे हे ठरवणारा कारखानदार, नमुन्याची छटा मंजूर करणारा दूरच्या शहरातला खरेदीदार आणि ती छटा हुबेहूब आणून देणारा रंगारी, या सगळ्यांच्या निर्णयांची बेरीज म्हणजे डिझाइन.

या शहराला ही परंपरा नवी नाही. १८७७ मध्ये सुरू झालेल्या जुन्या मिलपासून सोलापूरची ओळख गिरणगाव अशी झाली. गिरण्या एकेक करून बंद पडल्या तरी पूर्व भागातील यंत्रमागांनी धंदा जिवंत ठेवला. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांच्या पिढ्यांनी जकार्डवरच्या चादरीला देशभर नाव मिळवून दिले. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्रातील अगदी सुरुवातीच्या मानांकनांत त्यांची गणना होते. हे मानांकन कापडाचे मूळ आणि वैशिष्ट्य जपते. ते कापड तयार होताना किती पाणी वापरले गेले, हा प्रश्न मात्र त्याच्या कक्षेत येत नाही.

नक्षी ठरते तेव्हा आणखी काय ठरते?

कोणत्याही वस्तूच्या पर्यावरणावरील परिणामांपैकी ८० टक्क्यांपर्यंत परिणाम रचनेच्या टप्प्यावरच निश्चित होतात, असे युरोपीय आयोग सांगतो. हा आकडा प्रत्येक वस्तूला मोजून लावलेला नाही, तो एक ढोबळ अंदाज आहे. पण त्यामागचे तर्कशास्त्र सोलापूरच्या कोणत्याही कारखान्यात पडताळून पाहता येते.

सोलापुरी चादरीत नक्षी छापलेली नसते, विणलेली असते. म्हणजे सूत आधी रंगवावे लागते आणि मग ते मागावर चढते. नक्षीत चार रंग असतील तर सुताच्या चार वेगळ्या रंगाई कराव्या लागतात. प्रत्येक रंगाईनंतर धुणे आले, भांडी किंवा यंत्र साफ करणे आले. नक्षी बाजारात चालली नाही, तर त्या छटेचे रंगवलेले सूत गोदामात पडून राहते. सहा रंगांची नक्षी चार रंगांत बसवणे, किंवा कारखान्यातल्या सगळ्या नक्षींसाठी मोजक्याच छटांचा संच वापरणे, हा निर्णय कागदावर फुकटात घेता येतो. तोच निर्णय पुढे कारखान्यात घ्यायचा म्हटला तर त्याची किंमत पाणी, कोळसा आणि रसायनांत मोजावी लागते.

गडद रंगाचा आणि मिठाचा संबंध काय?

सुती कापडासाठी 'रिअॅक्टिव्ह' प्रकारचे रंग मोठ्या प्रमाणावर वापरले जातात. हा रंग पाण्यातून धाग्याकडे सरकावा म्हणून त्या पाण्यात मीठ घालावे लागते. फिकट छटेला लिटरमागे २०-३० ग्रॅम मिठात भागते. गर्द निळा, काळा किंवा मरून हवा असेल तर हेच प्रमाण ८० ग्रॅमपर्यंत किंवा त्याहून वर जाते. शिवाय सगळा रंग धाग्यावर पक्का बसत नाही. रंगाचा प्रकार आणि पद्धतीनुसार साधारण १० ते ४० टक्के रंग पाण्यातच उरतो. तो निघून जावा म्हणून कापड पुन्हा पुन्हा धुवावे लागते. छटा जितकी गडद, तितकी धुलाई जास्त.

इथे एक महत्त्वाची बाब लक्षात घ्यावी लागते. सांडपाण्यातील रंग आणि सेंद्रिय घटक नेहमीच्या प्रक्रिया केंद्रात बऱ्यापैकी कमी करता येतात. विरघळलेले मीठ मात्र त्या प्रक्रियेतून तसेच पुढे जाते. ते काढायला आरओ यंत्रणा आणि त्यानंतर पाणी आटवणारी यंत्रे लागतात. ती महाग असतात आणि भरपूर ऊर्जा खातात. छोट्या रंगाई कारखान्याला हा खर्च एकट्याने पेलणे अवघड असते. म्हणजे नमुन्याच्या वहीत 'जरा आणखी गडद करा' असा शेरा मारणारा खरेदीदार अजाणतेपणी टनावारी मिठाचा प्रश्न रंगाऱ्याच्या गळ्यात बांधत असतो.

हे मीठ जमिनीत किंवा विहिरीत उतरले तर काय होते, याचा धडा तमिळनाडूतील तिरुपूरने घेतला आहे. तिथल्या रंगाई कारखान्यांच्या सांडपाण्याने नोय्यल नदी आणि तिच्यावरील ओरतुपालयम धरणाचे पाणी शेतीच्या कामाचे उरले नाही. शेतकरी न्यायालयात गेले. जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने सातशेहून अधिक रंगाई आणि ब्लीचिंग कारखान्यांना टाळे लागले. कामगारांचा रोजगार बुडाला, ऑर्डर अडकल्या. पुढे सांडपाण्याचा थेंबही बाहेर न सोडण्याच्या अटीवरच तिथला धंदा उभा राहू शकला.

सोलापूरला याची काळजी जास्त का हवी?

कारण इथे पाणी मुळातच तुटपुंजे आहे. जिल्हा पर्जन्यछायेत येतो. शहराची तहान उजनीची थेट जलवाहिनी, भीमा नदीवरील टाकळीचा उपसा आणि हिप्परगा तलाव यांवर भागते. तरीही अनेक भागांत नळाला काही दिवसांआडच पाणी येते. ११७ टीएमसी क्षमतेचे उजनी धरण जिल्ह्यात असूनही ही स्थिती आहे. २०२४ च्या उन्हाळ्यात धरणाचा साठा उणे ५० टक्क्यांच्याही खाली गेला होता, हे सोलापूरकर विसरलेले नाहीत.

पुण्याचे सांडपाणी भीमेतून उजनीत येते, ही सोलापूरची जुनी आणि रास्त तक्रार आहे. पण नदी सोलापूरपाशी थांबत नाही. शहराचे पाणी ज्या नाल्यांतून पुढे जाते, त्यांच्या खालच्या अंगालाही शेते आहेत, विहिरी आहेत. पुढे कर्नाटकातील गावेही याच भीमेवर अवलंबून आहेत. वरच्या गावाने काय करावे हे सांगण्याचा हक्क ज्याला हवा, त्याने खालच्या गावाचा विचार करायला हवा.

टॉवेल विकला गेला की जबाबदारी संपते का?

नाही. टेरी टॉवेलमध्ये जमिनीचा ताणा, वर कड्या उभ्या करणारा दुसरा ताणा आणि बाणा अशा तीन प्रकारच्या धाग्यांची रचना असते. कड्या किती उंच आणि किती दाट, यावर टॉवेलचे वजन म्हणजे 'जीएसएम' ठरते. हॉटेलांना जाड, मऊ टॉवेल हवा असतो, कारण तो श्रीमंती दाखवतो. पण जाड टॉवेल धुवायला पाणी जास्त, पिळायला वेळ जास्त आणि सुकवायला वीज जास्त. हॉटेलातील टॉवेल शेकडो वेळा धुतला जातो. म्हणजे मागावर एकदा घेतलेला वजनाचा निर्णय धुलाईघरात शेकडो वेळा अमलात येतो.

याचा अर्थ टॉवेल पातळ केला की काम झाले, असाही नाही. फार पातळ टॉवेल लवकर विरतो आणि त्याच्या जागी दुसरा विणावा लागतो. रंगाच्या बाबतीतही हाच पेच आहे. 'व्हॅट' प्रकारचे रंग ब्लीचलाही दाद देत नाहीत, वर्षानुवर्षे टिकतात. पण ते चढवायला कॉस्टिक आणि हायड्रोसल्फाइट लागते. मग कोणता रंग चांगला? हॉटेलच्या रोजच्या धुलाईत जाणाऱ्या टॉवेलसाठी टिकाऊपणाला महत्त्व द्यावे लागेल. घरी भेट म्हणून येणाऱ्या टॉवेलचा हिशेब वेगळा असेल. वस्तूचे पुढचे आयुष्य डोळ्यांसमोर ठेवून असा तोल साधणे, हेच डिझायनरचे खरे काम आहे. 'हिरवा' असा शिक्का मारून ते टाळता येत नाही.

चादरीकडून काही शिकता येईल?

बरेच. पारंपरिक सोलापुरी चादर ही दोन थरांच्या विणीची असते. एका बाजूला लाल जमिनीवर पांढरी नक्षी दिसत असेल, तर उलट बाजूला पांढऱ्या जमिनीवर तीच नक्षी लाल दिसते. दोन्ही बाजू वापरता येतात. ती पूर्ण सुती असते. अस्तर, चिकटवलेला थर किंवा प्लास्टिकचा धागा तिच्यात नसतो. विरली की तिचे पायपुसणे होते, गोधडीच्या पोटात जाते, आणि शेवटी मातीत मिसळते. महाराष्ट्रातील घरांनी जुन्या लुगड्यांची वाकळ शिवताना जे केले, त्याला आज जगभर 'चक्रीय अर्थव्यवस्था' म्हणतात.

याच्या उलट, सूत आणि पॉलिएस्टर एकत्र कातलेले कापड पुन्हा वेगळे करणे आजही कठीण आणि खर्चिक आहे. त्यात इलॅस्टेनचा ताणधागा आला की अडचण वाढते. पॉलिएस्टर कापड धुताना सूक्ष्म प्लास्टिक तंतू पाण्यात जातात. पानिपतच्या स्वस्त आणि उबदार पॉलिएस्टर ब्लँकेटांनी चादरीचा बाजार आक्रसला, हे वास्तव आहे. त्यांच्याशी किमतीवर लढताना चादरीत भेसळीचा धागा घालण्याचा मोह होतो. असे केल्याने चादर थोडी स्वस्त होईल, पण जी गोष्ट तिला उद्याच्या बाजारात वेगळे ठरवू शकते तीच हातून जाईल.

गणवेशाचे काय?

गणवेश हा डिझाइनचा सर्वात दुर्लक्षित, पण सर्वात मोठा परिणाम करणारा प्रकार आहे. एका नमुन्यावर हजारो कपडे शिवले जातात. पूर्वी गल्लीतला शिंपी वाढत्या मुलाच्या पँटला आणि फ्रॉकला आत चांगली माया सोडत असे. पुढच्या वर्षी दुमड उसवली की कपडा आणखी वर्षभर चालायचा. कारखान्यात कापड वाचवण्यासाठी ही माया कमीत कमी ठेवली जाते. कापडाचे काही सेंटिमीटर वाचतात आणि पालकांना दरवर्षी नवा गणवेश घ्यावा लागतो.

शाळेचे बोधचिन्ह थेट कापडावर छापायचे की सुटी पट्टी शिवायची, दर दोन वर्षांनी चौकड्याचा रंग बदलायचा की नाही, गुडघ्याला आणि कोपराला दुहेरी कापड द्यायचे का, बटण तुटले तर बाजारात तसेच मिळेल का, हे सगळे डिझाइनचे प्रश्न आहेत. मोठ्या भावाचा गणवेश धाकट्याला चालणे यात एकेकाळी कुणाला कमीपणा वाटत नव्हता. आज तो चालत नाही, कारण नमुनाच बदललेला असतो.

मग दोष डिझायनरचा मानायचा?

ही चर्चा नवी नाही. ऑस्ट्रियात जन्मलेले अमेरिकी डिझायनर व्हिक्टर पापानेक यांनी १९७१ मध्ये 'डिझाइन फॉर द रिअल वर्ल्ड' या पुस्तकात आपल्याच व्यवसायाला कठोर शब्दांत आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. भारतातही १९७९ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, संयुक्त राष्ट्रांच्या औद्योगिक विकास संघटनेच्या सहभागाने झालेल्या परिषदेतून 'अहमदाबाद जाहीरनामा' पुढे आला. डिझाइन हे विकासाचे साधन आहे आणि त्याने सामान्य माणसाच्या गरजांना भिडले पाहिजे, ही त्याची भूमिका होती.

तरीही सगळा भार डिझायनरवर टाकणे अन्यायाचे ठरेल. सोलापुरात नक्षी काढणारा बहुतेकदा पगारदार असतो किंवा नगावर काम करतो. 'खरेदीदाराला हाच काळा हवा' असे सांगितले गेले की त्याच्या हातात फारसे काही उरत नाही. कारखानदारही कापसाचे भाव, विजेचे दर आणि परदेशी खरेदीदाराने वर्षानुवर्षे न वाढवलेली किंमत यांच्या कात्रीत असतो. ज्याच्याकडे किंमत ठरवण्याची ताकद आहे, त्याच्याकडे जबाबदारीचा मोठा वाटा गेला पाहिजे. अनेक बड्या ब्रँडना माल पर्यावरणपूरक हवा असतो, पण त्यासाठी वाढीव दाम मोजायची त्यांची तयारी नसते.

असे असले तरी डिझायनरला जे माहीत असते ते साखळीत बाकी कुणालाही माहीत नसते. कोणता रंग गाळला तरी नक्षी उठून दिसेल, कोणती छटा अर्ध्या मिठात मिळेल, कुठे विण बदलली तर वजन घटेल पण ऊब राहील, हे तोच सांगू शकतो. पर्याय ठाऊक असूनही तो समोर न ठेवणे, ही चूक मात्र त्याचीच. निर्णय त्याचा नसेल, पण सल्ला देणे त्याच्या हातात आहे.

कायदा कुठे आहे?

कायद्याने रचना बदलते, याचा अनुभव भारतीय कापड धंद्याला आहे. नव्वदच्या दशकात जर्मनीने कर्करोगकारक घटक सोडणाऱ्या अॅझो रंगांवर बंदी घातली. तेव्हा मोठी ओरड झाली. भारतानेही अशा रंगांवर बंदी आणली. रंग कंपन्यांनी पर्याय काढले आणि निर्यात थांबली नाही. फ्रान्समध्ये टाकाऊ कपड्यांची जबाबदारी उत्पादकांवर टाकणारी व्यवस्था २००७ पासून आहे.

भारतात प्लास्टिक वेष्टन आणि ई-कचऱ्यासाठी 'विस्तारित उत्पादक जबाबदारी' लागू आहे, मात्र कापडासाठी तशी सक्ती अजून नाही. पर्यावरणस्नेही वस्तूंसाठी मातीच्या मडक्याचे चिन्ह असलेली 'इकोमार्क' योजना १९९१ पासून होती. ती ग्राहकांपर्यंत फारशी पोहोचली नाही. २०२४ मध्ये तिचे नवे नियम आले आहेत. त्यांचे तरी सोने व्हावे.

सोलापूरने काय करावे?

पहिले पाऊल साधे आहे. रंगांच्या नमुना-वहीत प्रत्येक छटेखाली ती किलोभर सुतावर चढवायला किती पाणी आणि किती मीठ लागते, हे लिहावे. हा आकडा रंगाऱ्याकडे असतोच, तो फक्त खरेदीदाराच्या डोळ्यांसमोर यायला हवा. दोन जवळपास सारख्या छटांपैकी कमी पाण्याची कोणती, हे दिसले तर अनेक खरेदीदार तीच निवडतील. दुसरे, मीठ वेगळे करणारी यंत्रणा एकेका कारखान्याच्या आवाक्याबाहेर असेल तर ती सामाईक उभारावी लागेल. त्यासाठी शासनाने अनुदान द्यावे आणि ते देताना प्रदूषणाच्या मापांची अट घालावी.

तिसरे, नक्षी काढणाऱ्या मुला-मुलींच्या अभ्यासक्रमात रंगाई कारखान्यातला आणि सांडपाणी केंद्रातला काही काळ सक्तीचा असावा. संगणकाच्या पडद्यावर सगळेच रंग सारख्याच सहजतेने भरता येतात, रंगाईच्या हौदाशी उभे राहिले की फरक कळतो. चौथे, सार्वजनिक खरेदीदारांनी पुढाकार घ्यावा. महापालिका, शासकीय रुग्णालये, रेल्वे आणि शाळा चादरी, टॉवेल, गणवेश घेतात. त्यांच्या निविदेत सर्वात कमी दराबरोबर टिकाऊपणा, एकाच प्रकारचा धागा आणि गणवेशातली माया यांनाही गुण असावेत.

आणि ग्राहक? दर दिवाळीला नवी चादर घेताना 'किती वर्षे टिकेल' हा आजीचा प्रश्न त्याने दुकानदाराला पुन्हा विचारायला सुरुवात करावी. दुकानदार तो कारखानदाराला विचारेल आणि कारखानदार डिझायनरला.

तिरुपूरला शहाणपण न्यायालयाच्या टाळ्यांतून आले आणि त्याची किंमत सर्वात आधी रोजंदारीवरच्या कामगाराने मोजली. सोलापूरच्या पूर्व भागात घरटी माग आणि घरटी विडी असे दिवस काढलेल्या कुटुंबांना तसा आणखी एक धक्का परवडणारा नाही. तो टाळायचा असेल तर सुरुवात सांडपाण्याच्या नळाशी करून भागणार नाही, ती नक्षीच्या कागदावर करावी लागेल.